एका हाकेला दोन ओ

१

मौखिक परंपरेत विखुरलेल्या एका कथागटाला मी सोयीसाठी ‘एका हाकेला दोन ओ’ असे म्हणत आलो आहे. गटाचा सांगाडा साधा आहे. घरातल्या माणसाला कोणी नावाने हाक मारते आणि तिला दोन ठिकाणांहून ओ येते. एका पाठभेदात आई लेकराला जेवायला बोलावते. एक ओ आतल्या खोलीतून येते, दुसरी विहिरीतून. दुसऱ्यात नावाडी पैलतीरावरच्या भावाला साद घालतो आणि दोन भाऊ होडीत येऊन बसतात. मला सर्वांत जुना वाटणारा पाठभेद असा, की हाक मारणारा आंधळा आहे आणि ओ देणाऱ्या दोघींपैकी आपली बायको कोणती, हे त्याला हाताने चाचपून ओळखायचे आहे.

तपशील बदलतात, पण ओ देणारी दोघेही आपलीच वाटतात हे बदलत नाही. त्यांतल्या एकाला परत पाठवावे लागते, आणि ते काम हाक मारणाऱ्यावर कधी सोपवले जात नाही. शेजारी, सून, थोरला दीर असा कोणी शहाणा माणूस ते उरकतो. शेवटी सांगणारा निष्कर्ष काढत नाही. कोणी ताट पुढे ओढते, कोणी दिवा मालवते, आणि गोष्ट तिथे थांबते. परत गेले ते कोण, असे विचारले तर सांगणारे हसतात किंवा ‘झोपा आता’ म्हणतात.

पुढचा पाठभेद माझ्या थोरल्या भावाच्या घरातला आहे. त्यात विहीर नाही, नदी नाही. फोटो सांभाळणारा एक संगणक आहे. निवड कोणी करायची, या नियमाला त्यात अपवाद घडतो, म्हणून तो नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

२

दादा चष्म्याचे दुकान चालवत असे. वहिनी शाळेत भूगोल शिकवत. त्या उंचीने इतक्या लहान की नकाशाचे वरचे टोक दाखवायला त्यांना लांब पट्टी लागे. दादा त्यांना ‘मास्तरीण’ म्हणे, आणि ‘उत्तर ध्रुव काही तुझ्या हाताला लागत नाही’ असे चिडवी. घरातून निघताना वहिनी हमखास शेवटच्या. सँडलचे बंद लावायला त्यांना वेळ लागे, आणि तेवढा वेळ दादा उंबऱ्याबाहेर दार हाताने धरून उभा राही. आम्ही खाली ताटकळत असू. त्याची मात्र कधी कुरकुर नसे.

दुकान कायमचे बंद केल्यावर दोघांनी एकाच दिवशी, एकाच कंपनीचे दोन कॅमेरे घेतले. दादाचा काळा आणि वजनदार, वहिनींचा मुठीत मावणारा. त्यानंतर त्यांनी मुख्यतः एकमेकांचेच फोटो काढले, समोरासमोर बसून, पुष्कळदा एकाच क्षणी. कॅमेरा डोळ्याला लावताना चष्मा कपाळावर सरकवायची दादाला सवय आहे. वहिनींच्या फोटोंत तो कायम तसाच असे: कपाळावर चष्मा, डोळ्याला कॅमेरा, आणि सगळे खालून वर पाहिलेले, नाकपुड्यांसकट.

हे फोटो सांभाळणारा प्रोग्राम ग्रंथालयासारखा चाले. मूळ फोटो डिस्कवर, म्हणजे कपाटात; आणि डेटाबेसमध्ये प्रत्येक फोटोचे एक कार्ड. कार्डावर फोटोचे नाव, त्याची जागा आणि नखाएवढे चित्र. दोन्ही कॅमेरे फोटोंना एकापासून क्रमांक देत. फरक एवढाच की दादाचा कॅमेरा नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिही आणि वहिनींचा स्मॉल अक्षरांत. आपल्या लिपीत अक्षरांना असा लहानमोठेपणा नाही, त्यामुळे या फरकाकडे आमच्यापैकी कोणाचे लक्ष गेले नाही. डेटाबेसने तो पाळला आणि दोन नावांची दोन कार्डे केली. जुन्या संगणकाच्या डिस्कला मात्र तो भेदच ठाऊक नव्हता. दादा आधी वहिनींचे फोटो उतरवून घेई, मग त्याच जागी स्वतःचे. आणि डिस्क दरवेळी निमूटपणे वहिनींचा फोटो पुसून त्या जागी दादाचा, त्याच्या कॅपिटल नावानिशी, ठेवी.

कार्डे दोन राहिली. कपाटात फोटो एकच राहिला.

हे उघड झाले वहिनी गेल्यानंतर. दादाची मुलगी, जिला आम्ही सगळे चिमणी म्हणतो आणि जिचा आवाज तीन मजले ऐकू जातो, आईने काढलेले फोटो पाहायला बसली. नखाएवढ्या चित्रात दादा होता, डोळ्याला कॅमेरा लावलेला. तिने ते चित्र मोठे करायला दाबले. पडद्यावर आल्या त्या वहिनी, हसणाऱ्या, दादाने टिपलेल्या. पुढचे दाबले. पुन्हा वहिनी. कितीही चित्रे दाबली तरी छोट्या चित्रातला दादा मोठ्या फोटोत वहिनी होऊन येई.

त्या दिवशी संध्याकाळी दादा मला फोनवर म्हणाला, “ती माझ्या डोळ्यांपुढे आहे रे. पण ती माझ्याकडे कशी बघायची, ते मला नखाएवढंच उरलंय.”

३

चिमणी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तपासण्यांच्या नोंदी ठेवणारे संगणक सांभाळते. बापाने एकटे राहू नये, आपल्या घरी यावे, असा तिचा धोशा होता. दादा प्रत्येक वेळी एकच उत्तर देई: “मास्तरणीचे फोटो सापडू देत. मग येतो.”

“बाबा, पुसलेले फोटो काय पावसाळ्यातले बेडूक आहेत, आपोआप वर यायला?”

“तू शिकलेली आहेस ना? मग शोध.”

ती शोधायला लागली. जुनी डिस्क तिने ओळखीच्या दोघांकडून तपासून घेतली. काही निघाले नाही. वहिनींचा कॅमेरा खणात होता, पण त्याची बॅटरी फुगल्यामुळे वहिनींनीच ती कधीच काढून टाकली होती आणि आतले मेमरी कार्डही रिकामे होते. अखेर, निदान पुढे तरी काही पुसले जाऊ नये म्हणून, तिने नवा संगणक आणला. त्याची डिस्क लहानमोठ्या अक्षरांना वेगळे मानणारी होती. सगळे त्यावर हलवले तेव्हा प्रोग्रामला प्रथमच खरी स्थिती दिसली. वहिनींच्या प्रत्येक कार्डावरचे छोटे चित्र राखाडी झाले आणि त्यावर तुटक्या चौकटीची खूण आली: मूळ फोटो सापडत नाही.

“हे असंच होतं, बाबा,” चिमणी म्हणाली. नेहमीपेक्षा हळू म्हणाली. “आत्तापर्यंत ते लपलं होतं एवढंच.”

दादाने राखाडी चौकटींची ती रांग खाली सरकवत शेवटपर्यंत नेली. “म्हणजे आता दोघांच्या जागा वेगळ्या झाल्या,” तो म्हणाला. “एका नावावर दोघांना दाटीवाटीनं बसावं लागत नाही.”

“जागा वेगळ्या झाल्या. पण तिची रिकामी आहे.”

“असू दे. जागा तर आहे.”

काही दिवसांनी सकाळीच त्याचा मला फोन आला. “पंडित,” तो मला याच नावाने हाक मारतो, “एक सापडला.”

४

मी गेलो तेव्हा चिमणीही आलेली होती. संगणक आतल्या छोट्या खोलीत होता. त्याचा पंखा घरभर ऐकू येईल असा मंद घुमत होता. बाहेरच्या खोलीत खिडकी, जेवणाचे टेबल आणि समोरच्या भिंतीला टेकवलेली वहिनींची लाकडी खुर्ची. दादाने ती जागची हलवली नव्हती.

पडद्यावर फोटो पूर्ण आकाराचा होता. खिडकीतला उजेड एका गालावर, डोळ्याला कॅमेरा, चष्मा कपाळावर. दादा खालून वर पाहिलेला. आई कुठे बसून काढायची हे चिमणीने लगेच ओळखले आणि ती रडली. मग नाक पुसून कामाला लागली. तिचे स्पष्टीकरण मला पटण्यासारखे होते. प्रोग्राम दिवसातून एकदा सगळ्या फोल्डरांवरून फेरी मारतो. हलवाहलवीत एखादी विसरलेली प्रत कुठेतरी राहून गेली असणार, आणि फेरीत ती हाताला लागली असणार.

पुढच्या फेऱ्यांत आणखी सापडले. रोज थोड्या राखाडी चौकटी उजळत गेल्या आणि अखेर एकही राखाडी उरली नाही. दादा वेळेवर जेवू लागला, दाढी करू लागला. चिमणी म्हणाली, “काका, यंत्रानं एकदा तरी माझं ऐकलं.” मीही तिच्या आनंदात सामील होतो.

संशय आला तो एका क्षुल्लक गोष्टीने. एका दुपारी मी कार्डावरचे छोटे चित्र आणि उघडलेला फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहत होतो. बसण्याची ढब तीच, खिडकी तीच, हाताचा कोपरा टेबलावर तसाच टेकलेला. पण छोट्या चित्रात दादाच्या कपाळावर गोल काचांचा, सोनेरी काडीचा चष्मा होता. मोठ्या फोटोत काळी चौकोनी फ्रेम होती.

गोल चष्मा वहिनी गेल्या त्या आठवड्यात दादाच्या हातून फुटला होता. चौकोनी फ्रेम त्याने नंतर बसवून घेतली.

मी दुसरा फोटो उघडला, मग तिसरा. कार्डावर गोल, आत चौकोनी. केसही अधिक पांढरे, आजच्याइतके. पुन्हा पुन्हा पाहताना मी स्वतःला समजावत होतो की रंग बदलले असतील, छोटे चित्र धूसर असेल. पण चष्म्याची गोल काच कितीही धूसर केली तरी तिला कोपरे फुटत नाहीत.

मागे दादा उभा होता. किती वेळ, ते मला कळले नाही.

“दिसलं ना?” तो म्हणाला. “मला पहिल्याच दिवशी दिसलं. आयुष्यभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवल्या, मला नाही कळणार?”

५

“मग चिमणीला का नाही सांगितलंस?”

“ती दुरुस्त करायला बसेल.” त्याने स्टूल ओढून घेतले. “तुझ्या पोथ्यांत याला काय म्हणतात?”

“ओ म्हणतात,” मी म्हणालो. “कोणाची, ते नक्की नसतं.”

“तुम्हा पंडितांचं काहीच नक्की नसतं. चल, दाखवतो.”

तो बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसला, चष्मा कपाळावर सरकवला आणि वहिनींच्या रिकाम्या खुर्चीचा एक फोटो काढला. मी त्याच्या शेजारी उभा होतो. खोलीत आम्ही दोघेच होतो. भरदिवसा, खिडकी उघडी. खाली कोणीतरी गाडी धूत होते आणि बादलीत चिंधी पिळल्याचा आवाज वर येत होता. त्याने फोटो संगणकावर उतरवला. आम्ही जेवलो. जेवताना तो भाजीत मीठ कमी पडल्याबद्दल स्वतःलाच टोमणे मारत होता.

दुपारी रोजची फेरी झाली. दादाच्या फोटोशेजारी एक नवे कार्ड आले होते: तोच क्रमांक, स्मॉल अक्षरांत. त्याने ते माझ्यासाठी उघडले.

फोटोत दादा होता, डोळ्याला कॅमेरा लावलेला. शेजारी मी होतो, माझ्या आजच्या सदऱ्यात. मला स्पष्ट आठवत होते की मी त्या वेळी दादाच्या हातांकडे पाहत होतो. फोटोतला मी सरळ समोर पाहत होतो, एखाद्याने नावाने हाक मारल्यावर माणूस पाहतो तसा.

खुर्चीत बसलेल्या माणसाला टेबलाची वरची बाजू फारशी दिसत नाही. या फोटोत ती दिसत होती; टेबलावरचा पाण्याचा पेलाही दिसत होता, अगदी जवळून. मी खुर्चीशी जाऊन वाकून पाहिले, मग टेबलाकडे सरकत सरकत पाहिले. जिथून पेला तसा दिसला, तिथे खुर्ची मागे राहिली होती आणि माझे डोळे माझ्याच छातीच्या उंचीला आणावे लागले होते.

“उठून उभी राहिलीये,” दादा म्हणाला. “आधी बसून काढायची.”

त्याच्या स्वरात भीती नव्हती. भीती असती तर मला बरे वाटले असते.

६

मी चिमणीला सगळे सांगितले. प्रयोगशाळेच्या उपाहारगृहात बसून तिने ते शेवटपर्यंत ऐकले.

“काका, बाबा स्वतःच काढतायत. टायमर लावून.”

“मी तिथंच होतो, बाळ.”

“पूर्ण वेळ? हात धुवायला उठला नव्हतात?”

मी उठलो होतो. हे मी प्रामाणिकपणे मान्य केले, आणि तिचे म्हणणे आजही सर्वस्वी फेटाळू शकत नाही. एकटा माणूस काय काय करतो आणि ते स्वतःपासूनही कसे लपवतो, याला माझ्या विषयात दाखल्यांची वानवा नाही.

“मला भुताची भीती नाही वाटत,” ती म्हणाली. “बाबांची वाटते. दिवसभर त्या खुर्चीचे फोटो काढतात. परवाचे बघितलेत का? नुसता चेहरा. कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ मोजता येईल इतक्या जवळून. ते असेच राहिले तर मला माझे वडील मिळणार नाहीत.”

उपाय तिच्याकडे तयार होता. प्रोग्राममध्ये एक सोय होती: लहानमोठी अक्षरे एकच धरावीत. ती चालू केली की एका नावाच्या दोन फोटोंपैकी एकच उरेल. कोणता ठेवायचा, हे प्रोग्राम एकदाच विचारतो. कॅपिटल नावाचे की स्मॉल. कॅपिटल ठेवले की दादाने काढलेले वहिनींचे सगळे फोटो शाबूत राहतील आणि हा दुसरा पसारा जाईल. मग दादाने तिच्या घरी यायचे. तिने त्याची खोली रंगवूनही घेतली होती.

इथे माझ्या टिपणांतला शहाणा माणूस कथेत आला, हे माझ्या लक्षात आले. आल्याचे मला समाधान वाटले, हेही नोंदवतो.

दादाला विचारले तेव्हा त्याने वाद घातला नाही. “येतो,” तो म्हणाला. “पण बटण मी दाबणार.”

७

आम्ही सकाळी जमलो. दादाची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. आतल्या खोलीत तो संगणकासमोर बसला, त्याच्या उजवीकडे मी, डावीकडे चिमणी, हात छातीशी घट्ट बांधून. पंखा नेहमीसारखा घुमत होता. पडद्यावर प्रश्न आला आणि त्याखाली दोन बटणे.

“वरचं, बाबा,” चिमणी म्हणाली.

“कळलं.”

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. पडदा वाचायचा असताना त्याने चष्मा काढावा, हे मला विचित्र वाटले. मग त्याने बटण दाबले.

काम संपायला फार वेळ लागला नाही. चिमणीने पुढे वाकून पहिला फोटो उघडला. दादा, डोळ्याला कॅमेरा. दुसरा उघडला. दादा. ती घाईघाईने खाली गेली, वर आली. सगळीकडे दादा होता, चौकोनी फ्रेमचा, खालून वर पाहिलेला, जवळ, अधिक जवळ. वहिनी कुठेही नव्हत्या. खिडकीतल्या नाही, स्वयंपाकघरातल्या नाही, नकाशापुढे पट्टी घेऊन उभ्या असलेल्या नाही.

“बाबा, काय केलंत हे,” ती म्हणाली. तिचा आवाज शेजारच्या खोलीतही गेला नसता. “आई गेली सगळी.”

“ती माझ्या डोळ्यांपुढे आहे,” दादा म्हणाला. “मी कोणाच्या तरी डोळ्यांपुढे असायला हवा ना.”

चिमणी उठून खिडकीशी गेली. दादाही बॅग पाहायला बाहेर गेला. पडद्यावर सर्वांत शेवटी एक कार्ड उरले होते, ज्याचा कॅपिटल जोडीदार कधी नव्हताच. दादाने त्या क्रमांकाचा फोटो काढलेलाच नव्हता. ते मी उघडले.

फोटोत आम्ही तिघे पाठमोरे होतो, याच खोलीत, याच पडद्यासमोर. पडद्यावर प्रश्न अजून तसाच होता आणि दोन्ही बटणे दिसत होती. चिमणीचे हात छातीशी बांधलेले. माझे हात मांडीवर. दादाच्या डाव्या खांद्यावर एक लहानसा हात ठेवलेला होता, आणि तो फोटोच्या खालच्या कडेतून आत आलेला होता, फोटो काढणाऱ्याने स्वतःचाच हात पुढे करावा तसा.

मी तो फोटो बंद केला. चिमणीला दाखवला नाही.

निघताना दादाने गॅस पाहिला, खिडक्या लावल्या, संगणक बंद केला. पंखा थांबल्यावर घर किती शांत होते ते कळले. मी बॅग घेऊन पुढे झालो. चिमणी डोळे पुसत माझ्यामागून जिना उतरू लागली आणि काही पायऱ्यांवर थांबून तिने वर पाहिले.

“बाबा, चला ना. गाडी उभी आहे.”

“आलो.”

तो उंबऱ्याबाहेर उभा होता, एका हाताने दार धरून, नजर खाली, दाराच्या आतल्या बाजूला. त्याला घाई नव्हती. थोड्या वेळाने तो जिन्याची वाट मोकळी करून भिंतीकडे सरकला. मग त्याने दार ओढले आणि कुलूप लावले.